भरवशाचा मिस्त्री : लंडनची साडेतीनशे वर्षं

मंडळाच्या गणेशोत्सवात आरती आटोपली, प्रसादाची रांग लागली की बायकांच्या घोळक्यात दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला, "यंदा भारतात कधी?" आणि दुसरा, "तुमच्याकडे कोणी चांगला प्लंबर आहे का गं?" पहिल्याचं उत्तर कुणीही देतं. दुसऱ्याचं उत्तर जिच्याकडे असतं, ती जरा इकडेतिकडे बघते, आवाज खाली आणते आणि मगच नंबर सांगते. सोनाराचा पत्ता आपण सहज देऊ, अनारशांचं प्रमाणही देऊ; पण वेळेवर येणारा, रास्त पैसे घेणारा आणि काम पुरं करून जाणारा माणूस ही लंडनमध्ये जपून ठेवायची गोष्ट आहे.

आम्ही १९९५ साली हॅरोच्या बाजूला घर घेतलं. दिवाणखान्यात गॅसची शेगडी आणि तिच्या मागे बॉयलर, अशी जुनी व्यवस्था होती. पहिल्याच हिवाळ्यात ती बिघडली. ओळखीच्यांच्या ओळखीतला एक 'सगळं करणारा' माणूस निम्म्या पैशांत, रोख घेऊन, दुरुस्त करून गेला. आम्ही खूश! नंतर मला दुपारी डोकं दुखायला लागलं. मुलगी वर्षाची होती, ती फार झोपायची. थंडीचे दिवस, मूल लहान, झोप अपुरी. मी त्याकडे दुर्लक्ष केलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मंडळातल्या एक ज्येष्ठ काकू सगळ्यांच्या आधी आल्या. साठच्या दशकापासून इथे राहिलेल्या. सोफ्यावर बसल्या आणि शेगडीकडे बघत म्हणाल्या, "अगं, ही ज्योत पिवळी का? निळी हवी. आणि वर ही काजळी कसली?" तिळगूळ बाजूला राहिला. काकूंनी शेगडी बंद केली, खिडक्या सताड उघडल्या, मला बाळाला घेऊन बाहेर उभं केलं आणि गॅसच्या तातडीच्या नंबरला फोन लावला. आलेल्या माणसाने तपासलं आणि "वापरू नये" अशी चिठ्ठी लावली. धूर बाहेर नेणारी नळी नीट जोडलेलीच नव्हती. ज्वलन अपुरं झालं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. "थंडीत खिडक्या बंद ठेवून झोपला असतात तर..." एवढं बोलून तो थांबला.

भरवशाच्या म्हशीला टोणगा ही म्हण आपण हसत हसत वापरतो. त्या दिवशी मला हसू आलं नाही. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला. अनोळखी माणसाला घरात घेऊन त्याच्या हाती भिंत, पाणी, विस्तव सोपवायचा, तर भरवसा ठेवायचा कशाच्या जोरावर? या शहराने त्याचं काय उत्तर शोधलं? वाचत गेले, आणि हाती आलेली गोष्ट मला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच जुनी निघाली.

गावचा सुतार

आधी आपल्याकडचं बघू. आपल्या आजोबा-पणजोबांना हा प्रश्न पडत नव्हता. गावात सुतार एकच घराणं, लोहार एकच घराणं. बारा बलुतेदारांची ही व्यवस्था त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' या पुस्तकात बारकाईने मांडली आहे. सुतार वर्षभर नांगर, पाभर, गाडी दुरुस्त करून देई आणि सुगीला खळ्यावरून आपलं बलुतं, म्हणजे धान्याचा ठरलेला वाटा, घेऊन जाई. नवं घर बांधायचं असेल तर त्याची मजुरी वेगळी. काम वाईट केलं तर तोंड लपवायला जागा नाही, कारण उद्या सकाळी त्याच विहिरीवर, त्याच पारावर भेट होणार.

हे ऐकायला फार गोड वाटतं. पण त्या भरवशाची दुसरी बाजू विसरता येत नाही. सुतार चांगलं काम करी, तसाच तो गाव सोडूनही जाऊ शकत नव्हता. जातीने धंदा ठरला, धंद्याने मोबदला ठरला, आणि ज्यांचं काम सगळ्यांत कष्टाचं, त्यांचा वाटा सगळ्यांत अपमानाचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक आणलं ते याच जोखडाविरुद्ध. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतनं रद्द झाली. तेव्हा 'पूर्वी कसं सगळं विश्वासावर चालायचं' असं म्हणताना तो विश्वास कुणाच्या पायातल्या बेडीवर उभा होता, हेही आठवावं.

आग लागली आणि दारं उघडली

लंडनमध्ये जात नव्हती, पण संघ होते. सुतारांच्या संघाला १४७७ मध्ये राजाची सनद मिळाली, गवंड्यांच्या आणि कौलं घालणाऱ्यांच्या संघाला १५६८ मध्ये. प्लंबरांचे नियम तर १३६५ इतके जुने. प्लंबर हा शब्दच लॅटिनमधल्या शिशावरून आलेला. शिशाचे नळ आणि शिशाची छपरं करणारा तो प्लंबर. आपल्या गवंड्याच्या ओळंब्याला इंग्रजीत जे नाव आहे, तेही त्याच शिशावरून. १५६३ च्या कायद्याने उमेदवारीची सात वर्षं सक्तीची केली. संघाच्या अधिकाऱ्यांना कामाची झडती घेण्याचा हक्क असे. भेसळ किंवा कच्चं काम सापडलं तर दंड. अर्थात संघाबाहेरच्या कारागिराला शहराच्या हद्दीत काम करायला बंदी. गिऱ्हाइकाचं रक्षण आणि सभासदांची मक्तेदारी ही जुळी भावंडं होती.

सप्टेंबर १६६६ मध्ये पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत आग लागली आणि चार दिवसांत सुमारे १३,२०० घरं आणि ८७ चर्च जळून गेली. एवढी घरं बांधायला संघांचे सभासद पुरणार कुठून? मग १६६७ च्या आरंभी पार्लमेंटने पुनर्बांधणीचा कायदा केला. घरं विटांची किंवा दगडाचीच हवीत. घरांचे चार वर्ग ठरवले, कुठल्या वर्गाच्या भिंतीची जाडी किती तेही ठरवलं, आणि ते बघायला सर्व्हेअर नेमले. त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. बाहेरगावच्या सुतार-गवंड्यांना सात वर्षं शहरात मोकळेपणाने काम करायला मुभा दिली, आणि जो सात वर्षं काम करील त्याला तो हक्क जन्मभर.

वाचकहो, २००४ च्या मे महिन्यात पोलंड आणि इतर देश युरोपीय संघात आले, तेव्हा लंडनभर पोलिश प्लंबर आणि रंगारी दिसू लागले. वर्तमानपत्रांत ओरड झाली आणि घराघरांत सुटकेचा निःश्वासही ऐकू आला. लंडनला त्यात नवं काही नव्हतं. शहर जळतं किंवा वाढतं, तेव्हा ते परक्या कारागिराला दार उघडतं. गरज भागली की त्याच्याकडे संशयाने बघतं.

डॉक्टर बार्बनचा धंदा

आगीनंतर बांधकामाला जसा ऊत आला तसा लबाडीलाही. निकोलस बार्बन हा त्या काळचा सगळ्यांत मोठा बिल्डर. शिक्षणाने डॉक्टर, बोलायला गोड, अंगावर उंची कपडे. जुने वाडे विकत घ्यायचे, पाडायचे, त्या जागी एकसारख्या घरांच्या रांगा उठवायच्या आणि पुढच्या कामाचे पैसे मागच्या देणेकऱ्यांच्या तोंडावर मारायचे, अशी त्याची रीत. मिन्सिंग लेनमधली त्याची घरं तळघराच्या कमानी नीट न बांधल्याने कोसळली. १६८४ मध्ये रेड लायन स्क्वेअरचं काम काढलं, तेव्हा शेजारच्या ग्रेज इनमधले वकील चिडून धावून आले आणि वकील विरुद्ध मजूर अशी विटांची लढाई झाली.

गंमत अशी, की याच बार्बनने १६८० च्या सुमारास लंडनमध्ये घरांचा आगीचा विमा सुरू केला. घर त्यानेच बांधायचं आणि त्याच्या भीतीवरचा हप्ताही त्यानेच घ्यायचा! तो १६९८ मध्ये वारला. माझी देणी फेडू नयेत, असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवल्याचं सांगतात.

संघांची पकड पुढे ढिली होत गेली. सात वर्षांच्या उमेदवारीची सक्ती १८१४ मध्ये रद्द झाली. आता कोणीही हातात करणी घेऊन गवंडी होऊ शकत होता.

राजपुत्राचा ताप

धोका उरला तो दिसत नसलेल्या कामाचा. भिंत वाकडी असली तर दिसते, जमिनीखालची गटारनळी दिसत नाही. १८७१ च्या शरद ऋतूत युवराज एडवर्ड यॉर्कशरमधल्या स्कारबरो इथे एका उमरावाच्या घरी उतरले आणि टायफॉइडने आजारी पडले. त्याच घरी राहिलेले लॉर्ड चेस्टरफील्ड आणि युवराजांचा मोतद्दार दोघेही त्या तापाने गेले. दहाच वर्षांपूर्वी, १८६१ मध्ये, युवराजांचे वडील प्रिन्स अल्बर्ट वारले होते, त्यांनाही टायफॉइड झाल्याचंच सांगितलं गेलं होतं. त्यामुळे सारा देश हवालदिल झाला. युवराज वाचले; बोट मात्र त्या घराच्या सांडपाण्याच्या नळ्यांकडे दाखवलं गेलं. गरिबांच्या वस्तीत कॉलऱ्याने हजारो मेले तेव्हा जे पटायला वेळ लागला, ते राजवाड्याच्या पायरीपर्यंत आल्यावर पटलं. प्लंबरच्या हातात माणसाचा जीव असतो.

१८८६ मध्ये प्लंबरांच्या त्या जुन्या संघाने देशभरच्या प्लंबरांची नोंदवही सुरू केली. परीक्षा द्या, नाव नोंदवा. पण ती ऐच्छिक होती. सक्ती झाली नाही ती नाहीच. आजसुद्धा या देशात कोणीही गाडीवर 'प्लंबर' किंवा 'बिल्डर' असं रंगवून धंदा सुरू करू शकतो. माझा यावर बराच काळ विश्वासच बसला नव्हता.

एल्सीबाईंचं घर

आपल्यापैकी अनेकजण राहतात ती घरं दोन महायुद्धांच्या मधली. पुढे बाहेर आलेली गोल खिडकी, मागे लांबट बाग, शेजाऱ्याशी एक भिंत सामाईक. १९१९ ते १९३९ या काळात इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे चाळीस लाख घरं उठली. त्यांतली बरीच आज नव्वदीतही खणखणीत आहेत. पण सगळीच तशी नव्हती.

लंडनच्या दक्षिणेला वेस्ट विकहॅमच्या कोनी हॉल वसाहतीत एल्सी बॉर्डर्स आणि त्यांचे टॅक्सी चालवणारे पती यांनी १९३४ मध्ये नवं घर घेतलं. थोड्याच दिवसांत छप्पर गळू लागलं, भिंतींना ओल आली, लाकडात कीड निघाली. बिल्डर दाद देईना. तेव्हा एल्सीबाईंनी १९३७ मध्ये गृहकर्जाचे हप्तेच थांबवले. कर्ज देणाऱ्या सोसायटीने घराच्या ताब्यासाठी दावा लावला. एल्सीबाईंनी उलट दावा केला, की हे घर कर्जाला योग्य तारण आहे असं भासवून तुम्ही आम्हाला फसवलंत.

यातली मेख अशी होती. त्या काळी बिल्डर सोसायटीकडे ठेव ठेवत, त्या जोरावर सोसायटी किमतीच्या नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत कर्ज देई. गिऱ्हाईक समजे, एवढी मोठी संस्था एवढं कर्ज देते म्हणजे घर पारखून घेतलं असणार. खरं तर संस्थेची काळजी त्या ठेवीने केव्हाच मिटवलेली असे. घराची काळजी करायला कोणीच नव्हतं.

वकिलाला द्यायला पैसे नव्हते, म्हणून एल्सीबाई कायद्याची पुस्तकं वाचून हायकोर्टात स्वतः उभ्या राहिल्या. एका साध्या गृहिणीने नामवंत बॅरिस्टरांसमोर आपली बाजू मांडली. बाहेर शेकडो कुटुंबांनी हप्ते थांबवून त्यांना साथ दिली. हायकोर्टाने सोसायटीचा ताब्याचा दावा फेटाळला आणि बाईंचाही फेटाळला. अपिलात त्यांची सरशी झाली. अखेर १९४१ मध्ये, लंडनवर बॉम्ब पडत असलेल्या त्या वर्षी, हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निकाल फिरवला. कागदावर बाई हरल्या. पण १९३९ च्या कायद्याने त्या ठेवींच्या व्यवहाराला बंधनं आली होती. नव्या घरांच्या बिल्डरांची नोंदणी करणारी संस्था १९३६ मध्येच निघाली होती. आज नव्या घराला दहा वर्षांची हमी बहुतेक वेळा तिचीच वारस संस्था देते.

मला या बाईंचं फार कौतुक वाटतं. आपल्यातल्या कितीजणी गळक्या छपराखाली बादली ठेवून, "जाऊ दे, कुठे भांडत बसायचं परक्या देशात" असं म्हणून गप्प बसतात!

एक पितळी नट

१६ मे १९६८. पूर्व लंडनमधल्या कॅनिंग टाउनला रोनन पॉइंट नावाची २२ मजली इमारत नुकतीच, दोनच महिन्यांपूर्वी, राहायला खुली झालेली. पहाटे पावणेसहाला अठराव्या मजल्यावर एका बाईने चहासाठी काडी ओढली आणि स्फोट झाला. कारखान्यात घडवून आणलेल्या भिंतींचे तुकडे एकावर एक रचून ती इमारत उभी केली होती. एक भिंत निसटली आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखा सारा कोपरा वरपासून खालपर्यंत घसरला. चारजण गेले, सतराजण जखमी झाले. काडी ओढणारी बाई मात्र वाचली.

चौकशीत निघालं काय? शेगडीला गॅसची नळी जोडणारा पितळी नट कमअस्सल होता. तो तुटला आणि रात्रभर गॅस साठत राहिला. इमारतीची रचना तकलादू होती हा मोठा दोष. पण ठिणगी पडली ती त्या मुठीत मावणाऱ्या नटामुळे. त्यानंतर १९७० मध्ये गॅसचं काम करणाऱ्यांची नोंदणी सुरू झाली. आपण जिला कॉर्गी म्हणायचो, ती हीच. ती नोंदणी कायद्याने सक्तीची व्हायला १९९१ उजाडलं. १ एप्रिल २००९ पासून तिची जागा 'गॅस सेफ' नोंदवहीने घेतली. घरातल्या विजेच्या कामाचे नियम त्याआधीच, १ जानेवारी २००५ पासून, कडक झाले होते.

म्हणजे आमची शेगडी बिघडली तेव्हा सक्ती होऊन चार-पाच वर्षं झाली होती. कायदा होता, नोंदवही होती, कार्ड बघायचा हक्क होता. आम्ही कार्ड मागितलंच नाही. ओळखीच्या माणसाने पाठवलेला, त्याला कार्ड कसं मागायचं? आपल्या माणसाचा अपमान व्हायला नको! गावच्या सुताराचा भरवसा आम्ही लंडनला घेऊन आलो होतो, पण त्या भरवशामागचं सगळं गाव मागेच राहिलं होतं.

आपले म्हणावे असे

तरी ओळखीतून आलेली माणसं वाईटच असतात असंही नाही. वेम्बली-हॅरोच्या जुन्या मंडळींना विचारा, त्यांची घरं कुणी वाढवली? बहुतेकजण सांगतील, कच्छी पटेलांनी नाहीतर सरदारजींनी. त्यामागेही इतिहास आहे. १८९६ पासून ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेत मोंबासापासून रेल्वे टाकायला घेतली, तेव्हा हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार कामगार नेले. त्यांत पंजाबातले रामगढिया शीख सुतार आणि लोहारही होते. कच्छचे लेवा पटेल केनियात बांधकामात शिरले. आफ्रिकेतले देश स्वतंत्र झाल्यावर ही कुटुंबं साठ-सत्तरच्या दशकांत इथे आली आणि हातातली विद्या बरोबर घेऊन आली. आपण मराठी माणसं डॉक्टर, इंजिनिअर, संगणकवाले म्हणून आलो. हातोडी धरणारे आपल्यात थोडेच. तेव्हा त्यांचे उपकार मानलेले बरे.

तोंडोतोंडी चालणाऱ्या या शिफारशीला मध्यंतरी एक जाडजूड प्रतिस्पर्धी होता. पिवळ्या पानांची डिरेक्टरी १९६६ मध्ये ब्रायटनला सुरू झाली आणि २०१९ च्या जानेवारीत तिची शेवटची छापील प्रत निघाली. त्या पुस्तकात नाव येण्यासाठी कसब लागत नसे. आज फोनवर चांदण्या मोजताना हे लक्षात ठेवावं.

आणि सगळं सुधारलं असंही म्हणता येत नाही. १४ जून २०१७ च्या रात्री ग्रेनफेल टॉवर पेटला आणि ७२ माणसं गेली. नूतनीकरणात बाहेरून लावलेल्या पत्र्यांनीच आग वर नेली. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या चौकशीच्या शेवटच्या अहवालात माल बनवणाऱ्यांच्या पद्धतशीर अप्रामाणिकपणावर बोट ठेवलं गेलं आणि उंच इमारतींची कामं घेणाऱ्या मोठ्या कंत्राटदारांना परवाना सक्तीचा करावा, अशी शिफारस झाली. १६६६ ची आग, १८७१ चा ताप, १९६८ चा स्फोट, २०१७ चा टॉवर. या शहरात प्रत्येक नियमाआधी कुणीतरी मेलेलं आहे. म्हणूनच कार्ड मागताना मला आता संकोच वाटत नाही.

नव्याने आलेल्या मुलामुलींना मी चार गोष्टी सांगते. गॅसवाल्याच्या कार्डाची मागची बाजू बघा. कुठलं काम करायची त्याला मुभा आहे ते तिथे लिहिलेलं असतं. अंदाज आणि पक्की किंमत यांतला फरक समजून घ्या आणि पक्की किंमत लेखी घ्या. सगळे पैसे आधी देऊ नका. शंभर ते तीस हजार पौंडांच्या दरम्यानच्या कामाची उचल क्रेडिट कार्डाने दिली, तर १९७४ च्या कायद्याने कार्डवाली कंपनीही जबाबदार राहते. आणि काम नीट झालं नाही तर २०१५ चा ग्राहक हक्क कायदा तुमच्या बाजूने आहे. भांडा, पण कागद हातात ठेवून भांडा.

त्या काकू काही वर्षांपूर्वी गेल्या. माझी ती वर्षाची मुलगी आज तिशीत आहे, तिचं स्वतःचं घर आहे. गेल्या संक्रांतीला आम्ही चौघी मैत्रिणींनी मिळून हळदीकुंकू केलं. वाण काय लुटायचं यावर बरीच चर्चा झाली. स्टीलच्या वाट्या प्रत्येकीच्या कपाटात चाळीस आहेत. शेवटी ठरलं आणि आलेल्या प्रत्येकीच्या ओटीत तिळगुळाबरोबर कार्बन मोनॉक्साइडचा एक-एक अलार्म पडला. नव्या सुना हसल्या. "काकू, हे काय वाण?" म्हणाल्या. मग मी त्यांना पिवळ्या ज्योतीची गोष्ट सांगितली.